समोरची वस्तू, शेजारी आकडा

उजनी धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या भिगवणच्या मासळी बाजारात मुरलेला गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी माशाचा कल्ला वर करून बघतो. आत लालबुंद दिसलं तर मासा ताजा. रंग विटून करडा पडला असेल, तर विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नसतो. पाटीत चिलापी असो की कटला, खात्री पटते ती त्या एका नजरेने.

आता हीच गोष्ट मत्स्यव्यवसायाच्या प्रशिक्षणात शंभर माणसांना समजावून सांगायची आहे असं धरा. वक्ता पडद्यावर स्लाइड लावतो. त्यावर कुठूनतरी उतरवून घेतलेला फोटो आणि खाली पाच मुद्दे असतात. टेबलावर खरा मासाही ठेवलेला असतो, पण तो पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला दिसत नाही. मागे बसलेल्यांना फक्त मुद्दे वाचता येतात. मासा एकीकडे आणि त्याची माहिती दुसरीकडे राहते, आणि दोन्हींची सांगड घालायचं काम श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर सोडलं जातं.

ही सांगड पडद्यावरच घालता येते. टेबलावरच्या कॅमेऱ्यातून येणारं थेट चित्र आणि कॉम्प्युटरमधला तक्ता एकाच चौकटीत दाखवायचा. त्यासाठी टीव्ही स्टुडिओ लागत नाही. बहुतेकांच्या खिशातला मोबाइल, एक साधा लॅपटॉप आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. अडतं ते हे सगळं चालतं कसं याच्या समजुतीपाशी. ती समजूत असली की भिगवणच्या मंगल कार्यालयातही उत्तम सादरीकरण होतं, आणि नसली की शहरातल्या वातानुकूलित सभागृहातही फजिती होते.

एका दुपारची गोष्ट

थेट चित्र आणि कॉम्प्युटरचा पडदा एकत्र दाखवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत झाला. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधले अभियंते डग्लस एंगलबार्ट सुमारे हजार संगणकतज्ज्ञांसमोर बसले होते. त्यांचा कॉम्प्युटर मात्र सभागृहात नव्हता. तो जवळपास ५० किलोमीटर दूर, मेन्लो पार्क इथल्या प्रयोगशाळेत होता. तिथून चित्र मायक्रोवेव्ह लहरींवरून यायचं, आणि एंगलबार्टनी दाबलेल्या कळांचे संकेत भाड्याने घेतलेल्या टेलिफोन लाइनवरून परत जायचे. नासाकडून आणलेला आयडोफोर नावाचा अवाढव्य प्रोजेक्टर ते चित्र २२ फूट उंच पडद्यावर टाकत होता.

सभागृहाच्या मागच्या बाजूला एंगलबार्ट यांचे सहकारी बिल इंग्लिश बसले होते. कोणत्या क्षणी कॉम्प्युटरचा मजकूर दाखवायचा, कधी एंगलबार्ट यांचा चेहरा, कधी दोन्ही एकमेकांवर, हे ते ठरवत होते. त्या काळी कॉम्प्युटरचं चित्र सरळ टीव्हीच्या यंत्रणेत घालणं सोपं नव्हतं. म्हणून प्रयोगशाळेत लहानशा पडद्यांवर मजकूर उमटवून त्यांच्यावर टीव्ही कॅमेरे रोखले होते. म्हणजे कॉम्प्युटरचा मजकूरसुद्धा कॅमेऱ्यातूनच येत होता. दोन्ही बाजूंनी एकाच जातीचे संकेत आल्यामुळे त्यांचं मिश्रण करणं शक्य झालं.

त्या दीड तासात एंगलबार्टनी माउस लोकांसमोर आणला. माउस तोवर बहुतेकांनी पाहिलाही नव्हता. पडद्यावर नुसता एक ठिपका फिरताना दिसला असता, तर तो कशाने फिरतोय हे कुणाला कळलं नसतं. नुसता हात दिसला असता, तर टेबलावर लाकडाचा ठोकळा कशाला सरकवतोय हा प्रश्न पडला असता. पण पडद्यावर हात आणि ठिपका दोन्ही एकाच वेळी होते. हात उजवीकडे गेला की ठिपका उजवीकडे. वेगळं स्पष्टीकरण लागलंच नाही. पुढे बिल पॅक्स्टन हे सहकारी मेन्लो पार्कहून पडद्याच्या एका भागात आले, आणि दोघांनी दोन ठिकाणी बसून एकाच मजकुरावर काम करून दाखवलं. आज ऑनलाइन बैठकीत आपण जे रोज करतो, त्याचं मूळ तिथे आहे.

या प्रयोगाचं मर्म मला त्या हात आणि ठिपक्यात दिसतं. कारण आणि परिणाम एका नजरेत आले की माणसाला कळतं.

आपल्याकडची परंपरा

पडद्यावर चित्रांचे थर लावण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘शांबरिक खरोलिका’ नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, ती सरकवून साधलेली हालचाल आणि जोडीला जिवंत निवेदन, असा तो मामला होता. चित्र यंत्रातून यायचं आणि गोष्ट माणूस समोर उभा राहून सांगायचा.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली होती. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. तो लघुपट पैसा लावणाऱ्यांना दाखवून त्यांनी सिनेमासाठी भांडवल उभं केलं. भांडवलदाराला पटवून द्यायला फाळक्यांनी रोपच दाखवावं, ही गोष्ट शेतीवर जगणाऱ्या मुलखाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आणि अगदी शेजारचं उदाहरण हवं असेल, तर उजनी धरण ज्या माढा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या परितेवाडीचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी ठरले. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी त्यांचं नाव झालं, पण घरच्या प्रयोगशाळेतून जगभरातल्या मुलांना कॅमेऱ्यासमोर थेट विज्ञानाचे प्रयोग दाखवणं हाही त्यांच्या कामाचा भाग होता. आपल्या भागातून हे होऊ शकतं, हे सिद्ध झालेलं आहे.

आत काय घडतं

पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. फुल एचडी चौकटीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. दोन चित्रं एकत्र करणं म्हणजे या आकड्यांची बेरीज. वरच्या चित्राला किती वजन द्यायचं हे सांगणाऱ्या चौथ्या आकड्याला अल्फा म्हणतात. समजा कॅमेऱ्यातल्या ठिपक्याची तीव्रता २०० आहे, तक्त्यातल्या ठिपक्याची ४०, आणि कॅमेऱ्याला पाव वजन द्यायचं आहे. मग २०० चा पाव भाग ५०, आणि ४० चा पाऊण भाग ३०. पडद्यावर उमटतात ८०. अल्फा १ ठेवला तर वरचं चित्र खालच्याला पूर्ण झाकतं, ० ठेवला तर वरचं चित्र दिसतच नाही. अल्फाची ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस आल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी मांडली. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशा मिश्रणाचं पद्धतशीर बीजगणित लिहिलं. आजचं प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच पायावर उभं आहे.

एवढी बेरीज प्रत्येक ठिपक्याच्या तिन्ही रंगांसाठी आणि सेकंदाला ३० वेळा करायची, म्हणजे सेकंदाला १८ कोटी ६६ लाख वेळा. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप हे सहज करते. खरी कसोटी लागते ती चित्र कॅमेऱ्यातून लॅपटॉपपर्यंत आणताना. प्रत्येक रंगाचा आकडा एक बाइट धरला, तर सेकंदाला तितकेच, म्हणजे १८ कोटी ६६ लाख बाइट आणावे लागतील. जुन्या यूएसबी २ जोडणीची कागदावरची क्षमताच सेकंदाला ६ कोटी बाइट आहे. म्हणून कॅमेरा चित्र दाबून, आक्रसून पाठवतो आणि लॅपटॉप ते पुन्हा उलगडतो. या दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो आणि बारकावेही थोडे पुसले जातात. स्वस्त वायर आणि जुनं पोर्ट वापरल्यावर चित्र अडखळतं, ते यामुळे.

तीन मांडण्या

थेट चित्र आणि तक्ता जोडायच्या प्रामुख्याने तीन मांडण्या आहेत. पहिली शेजारी-शेजारी: अर्ध्या भागात वस्तू, अर्ध्यात आकडे. दुसरी कोपऱ्यातली खिडकी: मुख्य पडद्यावर तक्ता आणि कोपऱ्यात वक्ता किंवा वस्तू. तिसरी कापून लावलेली: वक्त्यामागची पार्श्वभूमी काढून टाकून त्याला थेट तक्त्यासमोर उभं करायचं, टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या निवेदकासारखं.

तिसरी मांडणी बघायला झकास, पण तिचं तंत्र नाजूक आहे. मागे एकाच रंगाचं कापड लावायचं आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, या रंगाचे ठिपके पारदर्शक कर. याला क्रोमा की म्हणतात. हे गाळणं पिठाच्या चाळणीसारखं असतं: जाळी बारीक ठेवली तर कापडाच्या सुरकुत्या आणि सावल्या चित्रात उरतात, मोठी ठेवली तर वक्त्याच्या केसांच्या कडाही गळून जातात. म्हणून कापड ताणलेलं हवं, त्यावर सगळीकडे सारखा उजेड हवा, आणि वक्ता त्यापासून चार-पाच फूट पुढे हवा, म्हणजे कापडाची झाक अंगावर पडत नाही. सिनेमात हे तंत्र निळ्या पडद्यावर वाढलं. पेट्रो व्लाहोस यांनी ‘बेन हर’ या १९५९ च्या चित्रपटासाठी त्याची सुधारलेली पद्धत बसवली. डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात हिरवा रंग पुढे आला. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार प्रकाशग्राहींपैकी दोन हिरव्याचे असतात, त्यामुळे हिरव्याची माहिती सर्वाधिक बारकाईने मिळते.

पण शेतीचं सादरीकरण करणाऱ्याने इथे सावध राहायला हवं. हिरव्या कापडासमोर उसाचं पान धरलं, तर सॉफ्टवेअर कापडाबरोबर पानही गिळून टाकतं. पडद्यावर वक्त्याचा रिकामा हात दिसतो. पीक दाखवायचं असेल तर कापड निळं घ्यावं, आणि वक्त्याने निळा शर्ट घालू नये. त्याहून शहाणपणाचं म्हणजे कापाकापीच्या भानगडीत न पडता शेजारी-शेजारी मांडणी वापरावी. लोक पान बघायला आलेले असतात, जादू बघायला नाही.

उसाचं पान पडद्यावर

बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात लोकरी मावा विसरलेला शेतकरी विरळा. २००२ मध्ये महाराष्ट्रात या किडीचा उद्रेक झाला आणि ती उसाच्या फडांतून झपाट्याने पसरली. मावा पानाच्या खालच्या बाजूला मुख्य शिरेलगत वसाहत करतो, अंगावर पांढरं लोकरीसारखं मेण वाढवतो आणि रस शोषतो. त्याच्या शरीरातून पडणाऱ्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी धरते आणि पान काळवंडतं. त्या वेळी सगळ्यात अवघड गोष्ट होती मित्रकीटकांची ओळख पटवण्याची. त्याच पानावर डिफाची अळी आणि मायक्रोमसची अळी मावा खात असतात. मावा दिसला म्हणून सरसकट फवारणी केली, की माव्याबरोबर हे राखणदारही मरतात.

आता सभागृहात हे कसं दाखवायचं? यूएसबी सूक्ष्मदर्शक लॅपटॉपला जोडायचा आणि फडातून आणलेलं पान त्याखाली पालथं ठेवायचं. पडद्याच्या डाव्या भागात माव्याची पांढरी वसाहत आणि तिच्यात तोंड खुपसलेली अळी, थेट, हलणारी. उजव्या भागात दोन चित्रांचा साधा तक्ता: ही कीड, हा मित्र, खाली एकच ओळ, फवारणीआधी पान उलटून बघा. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतो, पानाच्या टोकाकडे सरकवा बरं. वक्ता पान सरकवतो. छापलेल्या फोटोला असा प्रश्न विचारता येत नाही. थेट चित्राचं खरं बळ या सरकवण्यात आहे. श्रोता वक्त्याने निवडलेल्या कोनाचा कैदी राहत नाही. बारामतीजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्राच्या ‘कृषिक’ प्रदर्शनात लोक पिकांची प्रात्यक्षिकं बघायला दुरून येतात, ती याच भुकेपोटी. जे शेतात उभं राहून दिसतं, ते पावसाळ्यात, सभागृहात, शंभर जणांना एकदम दाखवायची सोय या जोडणीने होते.

मांडव घालताना

सामान थोडं आहे. एक लॅपटॉप, प्रोजेक्टर, आणि कॅमेरा म्हणून मोबाइल. मोबाइल टेबलावर खाली तोंड करून धरायला आडव्या दांड्याचा स्टँड. मोबाइल वायरने जोडावा. गर्दीच्या सभागृहात वायफायवर भरवसा ठेवू नये. सॉफ्टवेअर म्हणून ओबीएस स्टुडिओ पुरे. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये सुरू केलेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘सीन’ म्हणजे एक मांडणी आणि ‘सोर्स’ म्हणजे त्या मांडणीतला एकेक थर. तीन सीन आधीच बनवून ठेवावेत: नुसता तक्ता, नुसती वस्तू, दोन्ही शेजारी. बोलताना कळ दाबून एकातून दुसऱ्यात जायचं. त्यातला ‘व्हर्च्युअल कॅमेरा’ सुरू केला की हीच चौकट ऑनलाइन बैठकीतही जाते.

यानंतर ज्या अडचणी येतात त्यांची कारणं ठरलेली असतात. चित्रात आडवे काळसर पट्टे सरकताना दिसले, तर दोष दिव्यांचा आणि कॅमेऱ्याच्या मापाचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेऱ्याची मांडणी ६० हर्ट्झवर राहिली असेल तर ताल चुकतो. ती ५० वर आणावी. हात मध्ये आला की चित्र काळवंडत किंवा धूसर होत असेल, तर फोकस आणि प्रकाशाचं माप मोबाइलमध्ये कुलूपबंद करावं. पुढच्या कॅमेऱ्यातून अक्षरं उलटी दिसत असतील, तर आरशाची सोय बंद करावी. कॅमेऱ्याच्या नजरेत प्रोजेक्टरचा पडदा येऊ देऊ नये. आला की चित्रात चित्र, त्यात पुन्हा चित्र अशी न संपणारी रांग लागते.

आवाज आणि चित्र यांत थोडा फरक पडतोच, कारण दाबणं, उलगडणं, मिसळणं आणि प्रोजेक्टरपर्यंत नेणं या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. सभागृहात वक्ता प्रत्यक्ष समोर असतो, म्हणून हे चालून जातं. ध्वनिमुद्रण किंवा थेट प्रक्षेपण असेल, तर ओबीएसमध्ये आवाजाला तेवढाच उशीर लावून ताळमेळ घालावा. आणि आपल्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लॅपटॉप आणि मोबाइल पूर्ण चार्ज करून आणावेत. प्रोजेक्टर बंद पडला तर हातात पान आहेच.

तक्ता करताना हात आखडता घ्यावा. अर्धा पडदा वस्तूने व्यापल्यावर उरलेल्या अर्ध्यात एक आलेख किंवा चार ओळी मावतात. शेवटच्या रांगेतल्या आजोबांना वाचता आलं पाहिजे, हेच अक्षराच्या आकाराचं माप.

पाण्यावरून थेट

कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर हिवाळ्यात उजनीचं पाणी ओसरू लागलं की उथळ चिखलावर रोहित पक्षी उतरतात. पर्यटकांना होडीतून नेणारे इथले अनेक जण मुळात मासेमारी करणारे, त्यामुळे पाण्याची खोली आणि पक्ष्यांच्या जागा त्यांना तोंडपाठ. शाळेच्या वर्गात बसलेल्या मुलांना हा देखावा थेट दाखवायचा तर मोबाइलचा झूम पुरत नाही. तिकाटण्यावर बसवलेल्या दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल अडकवला, की दूरचा पक्षी चौकटीत भरतो. तिकाटणं होडीत डुलतं, म्हणून ते काठावर रोवावं. शेजारच्या अर्ध्यात चोचीचं रेखाचित्र लावावं: रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो, पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांमधून बाहेर टाकतो, खाद्य तेवढं आत अडकतं. पुस्तकात हे वाचलेलं मूल पडद्यावर तसंच घडताना बघतं.

इथे दोन पथ्यं पाळावीत. चांगलं चित्र मिळावं म्हणून होडी पक्ष्यांच्या अंगावर घालू नये. थवा उठला तर त्यांचं खाणं मोडतं आणि आपलं सादरीकरणही. दुसरं, काठावर मोबाइलचं नेटवर्क दगा देऊ शकतं, म्हणून आदल्या दिवशीचं चित्रण हाताशी असावं. पण ते लावताना चौकटीवर स्पष्ट लिहावं: आधी टिपलेलं. त्या क्षणाचं चित्र ‘थेट’ या शिक्क्याखाली दाखवायचं आणि जुनं चित्रही त्याच शिक्क्याखाली खपवायचं, हा लबाडीचा मार्ग आहे. आता कॉम्प्युटर मनाने चित्रं बनवू लागले आहेत, त्यामुळे ही शिस्त अधिकच जपायला हवी. लोक पडद्यावर विश्वास ठेवतात, त्या विश्वासाची राखण सादर करणाऱ्याकडे असते.

हे तंत्र मला जवळचं वाटतं, कारण ते आपल्या माणसांच्या ज्ञानाला पडद्यावर जागा देतं. कल्ला पाहून मासा ओळखणारी बाई, पान उलटून कीड सांगणारा शेतकरी, थव्याची जागा जाणणारा नावाडी, यांच्याकडे स्लाइड नसतात. त्यांच्या हाताखाली कॅमेरा ठेवला आणि शेजारी अभ्यासकाचा तक्ता लावला, तर दोघंही एकमेकांना दुजोरा देतात, आणि चूक असेल तर दुरुस्तही करतात. म्हणून गावात पुढचं प्रशिक्षण, ग्रामसभा किंवा शाळेचं विज्ञान प्रदर्शन ठरेल, तेव्हा आयोजकांनी वक्त्याकडे पेन ड्राइव्ह मागण्याआधी एक प्रश्न विचारावा: दाखवायला प्रत्यक्ष काय आणणार आहात? त्याचं उत्तर मिळालं की टेबलावर एक स्टँड आणि मोबाइल मांडायला पाच मिनिटं पुरतात.